ड्रायव्हर हीनन मंत्री झाला तेव्हा

आमच्याकडच्या एका तरुण असिस्टंट लोको पायलटने प्रश्न विचारला आहे. त्याच्याच शब्दांत देतो: "आयर्लंडमधून कॅनडात गेलेला पीटर हीनन नावाचा इंजिन ड्रायव्हर युनियनमधून पुढे आला आणि ऑन्टारिओ प्रांताचा मंत्री झाला, असं वाचलं. अशा माणसाला कामगारांचा म्हणायचं की सरकारचा? रेल्वे युनियनचा असल्याचा त्याच्या राजकारणात खरंच काही परिणाम दिसतो, की ती फक्त मतं मागण्यापुरती ओळख होती?"

मी फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, म्हणून लागलो तेव्हा कोळशाची इंजिनं होती. निवृत्त झालो ते विजेच्या इंजिनावरून. मधली बावीस वर्षं युनियनच्या शाखेचं काम केलं. चार्जशीटला उत्तरं लिहिली, लिंक म्हणजे ड्यूटीची वेळापत्रकं तपासली, अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर रात्री उशिरापर्यंत बसलो. हीननबद्दल हाती लागेल ते मी बरीच वर्षं वाचत आलो आहे, कारण हा माणूस माझ्या धंद्यातला आहे. परिणाम दिसतो, आणि जागोजागी दिसतो. पण तो पाहायचा तर "रेल्वे युनियनवाला" एवढं म्हणून भागत नाही. शेडच्या कुठल्या दारातून आला, हे आधी विचारावं लागतं.

आधी आयुष्याची रूपरेषा. जन्म १८७५, आयर्लंडच्या डाउन परगण्यातला. कॅनडात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेवर, म्हणजे सीपीआरवर, इंजिन ड्रायव्हर. मुक्काम केनोरा. १९१९ मध्ये कामगारांचा उमेदवार म्हणून ऑन्टारिओच्या विधानसभेत निवडून आला, १९२३ मध्ये पुन्हा. १९२५ मध्ये लिबरल पक्षातर्फे ओटावाच्या संसदेत, म्हणजे केंद्रात, गेला. १९२६ ते १९३० केंद्रात कामगारमंत्री. १९३४ मध्ये परत प्रांतात आला आणि ऑन्टारिओचा जमीन व वन खात्याचा मंत्री झाला. १९४१ मध्ये प्रांताचा कामगारमंत्री. १९४३ मध्ये पराभव, १९४८ मध्ये मृत्यू. प्रांत, केंद्र आणि पुन्हा प्रांत असा हा प्रवास आहे. केंद्रातलं मंत्रिपद भोगून झाल्यावर प्रांतात परतणारे फार नसतात.

केनोरा कुठे आहे हे नकाशात काढून बघ. ऑन्टारिओच्या अगदी पश्चिम टोकाला, लेक ऑफ द वुड्स या बेटांनी भरलेल्या सरोवराच्या काठी. विनिपेग तिथून सुमारे २०० किलोमीटर, पण ते शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात. स्वतःची राजधानी टोरांटो मात्र जवळजवळ १,९०० किलोमीटर दूर. गावाचं जुनं नाव रॅट पोर्टेज. १९०५ मध्ये कीवॉटिन, नॉर्मन आणि रॅट पोर्टेज या तीन वस्त्यांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून केनोरा झालं. पिठाच्या पोत्यांवर "उंदीर" छापायला गिरणीवाले तयार नव्हते म्हणून नाव बदललं, असंही तिकडे सांगतात. या गावावर दोन प्रांत हक्क सांगत होते आणि तो वाद १८८४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायासनाने, मिटवला. राजधानीतल्यांना आपली आठवण नसते, ही भावना तिथल्या लोकांच्या मनात खोल असणार. आणि हे क्रू बदलण्याचं ठाणं. गाडी थांबली की इंजिनावरचे दोघं उतरणार, दुसरे दोघं चढणार. अशा गावात ड्रायव्हरला काय मान असतो, ते भुसावळ किंवा मनमाड बघितलेल्याला वेगळं सांगायला नको.

आता शेडच्या दारांचं बघू.

रेल्वेत दोन तऱ्हेचे कामगार असतात. एक वर्कशॉपचे: फिटर, बॉयलरमेकर, टर्नर. भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर, एका छपराखाली शेकडो माणसं. दुसरे रनिंगचे: ड्रायव्हर, फायरमन, गार्ड. हे कधीच एका जागी सापडत नाहीत. कुणी साईन ऑन करून ड्यूटीवर चढतोय, कुणी रनिंग रूममध्ये झोपलाय, कुणी होम सिग्नलला अडकून शिट्टी देतोय. आमच्या शेडमध्ये बैठक बोलावली की वर्कशॉपची माणसं घोळक्याने येत आणि घोळक्याने बोलत. रनिंगची माणसं एकेक करून येत, लाईन बॉक्स, म्हणजे ड्यूटीवर न्यायची पेटी, दाराशी ठेवत आणि आधी विचारत, "ज्येष्ठता यादीचं काय झालं?" वर्कशॉपची ताकद एकदम हात थांबवण्यात असते. रनिंगची ताकद करारात असते: किती तास, किती मैल, किती विश्रांती, कुणाचा नंबर आधी. कलमं तोंडपाठ. मला स्वतःला ही सवय लागली आणि ती सुटत नाही. घरी भांडी लावायची म्हटलं तरी मी आधी कागदावर अटी लिहीन.

उत्तर अमेरिकेत हा फरक आपल्यापेक्षाही जास्त होता. तिथे ड्रायव्हरांची संघटना वेगळी, फायरमनची वेगळी, गार्डांची वेगळी, आणि प्रत्येकीला "बंधुसंघ" म्हणत. ड्रायव्हरांचा बंधुसंघ १८६३ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सुरू झाला तेव्हा त्याचं पहिलं नाव होतं "फुटबोर्डवरचा बंधुसंघ". फुटबोर्ड म्हणजे इंजिनावर ड्रायव्हर उभा राहतो ती फळी. हे संघ नुसते पगारासाठी भांडत नसत. इंजिनावरच्या माणसाचा विमा उतरवायला कंपन्या नाखूश असत, म्हणून संघ स्वतः विमा चालवत. ड्रायव्हर मेला तर बायकोला पैसे संघाकडून जात. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

१९१९ चा मे महिना. विनिपेगमध्ये सुमारे ३०,००० कामगारांनी काम थांबवलं. आग लोखंडाच्या कारखान्यांतून पेटली. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या वेगवेगळ्या कामांच्या युनियनांनी एकत्र वाटाघाटी करण्याचा हक्क मिळवला होता, आणि तोच शहरातल्या खासगी कारखान्यांचे मालक द्यायला तयार नव्हते. संपाचे जे पुढारी गाजले त्यांतले आर. बी. रसेल आणि डिक जॉन्स हे दोघंही रेल्वे वर्कशॉपच्या मशिनिस्टांमधले. रसेल ग्लासगोहून आलेला. रनिंगवाल्यांच्या बंधुसंघांनी काय केलं? त्यांचे पदाधिकारी मध्यस्थ म्हणून दोन्ही बाजूंच्या मध्ये जाऊन बसले. मालक आणि कामगार यांच्यात मसुदे फिरवत राहिले. १६ जूनपर्यंत थोडं काही जमूही लागलं होतं. त्याच रात्री, १७ जूनच्या पहाटे, पोलिसांनी पुढाऱ्यांना अंथरुणातून उचलून नेलं. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी रस्त्यावर गोळीबार केला, दोघं मेले. २६ तारखेला संप संपला.

मध्यस्थाची वेदना टेबलावर बसलेल्यालाच कळते. तुम्ही दोन्हीकडच्यांना सांगत असता की थांबा, होतंय, आणि तुमच्या पाठीमागे एक तिसराच निर्णय घेऊन मोकळा होतो. माझ्यावर असा प्रसंग एकदा आला आहे. रात्री दोन वाजता मसुद्यावर सह्या व्हायच्या बाकी होत्या आणि सकाळी सहाला माझ्या चार माणसांच्या निलंबनाचे कागद फलकावर लागले. त्यातला एक माणूस अजून माझ्याशी बोलत नाही. मी त्याला घरी थांब म्हणून सांगितलं होतं.

हीनन त्या वेळी विनिपेगपासून थोड्याच तासांच्या अंतरावर, त्याच लाईनवर. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला ऑन्टारिओची निवडणूक झाली आणि शेतकऱ्यांची संघटना सगळ्यांत मोठा पक्ष ठरली. कामगारांचे ११ जण आले, त्यांत केनोराचा हीनन. शेतकरी अर्नेस्ट ड्रुरी मुख्यमंत्री झाले आणि कामगारांना घेऊन सरकार बनलं. विधवा मातांना भत्ता आणि स्त्रियांसाठी किमान वेतन, दोन्ही कायदे १९२० चे, याच सरकारचे. हे सरकार एकच मुदत टिकलं. हीनन मात्र १९२३ च्या पडझडीतही निवडून आला, पुढे लिबरल पक्षात गेला आणि ओटावाला पोचला.

त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा क्षण १९२६ च्या जूनमधला आहे. त्या वेळी विरोधी पक्षनेते होते आर्थर मीगन. १९१९ मध्ये केंद्रात मंत्री असताना विनिपेगच्या अटकांचं सूत्र त्यांच्याच हातात होतं. जूनच्या सुरुवातीला, त्या काळात केलेले दडपशाहीचे कायदे मागे घेण्याची चर्चा चालू असताना, हीनन सभागृहात उभा राहिला आणि १९१९ चा सरकारी पत्रव्यवहार वाचू लागला. मीगन आणि विनिपेगमधले वकील ए. जे. अँड्र्यूज यांच्या तारा. हे अँड्र्यूज संपाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठितांच्या समितीचे पुढारी, आणि त्याच वेळी न्याय खात्याचे प्रतिनिधीही. एका तारेत मीगन म्हणतात की अटकेच्या आणि स्टोनी माउंटनच्या तुरुंगात ठेवण्याच्या कायदेशीरपणाबद्दल मला शंका असली तरी आता अटका झाल्याच आहेत, तर झटपट हद्दपार करणं हाच उत्तम मार्ग. मंजुरीचं नंतर पाहता येईल.

हद्दपार! पकडलेल्यांतले बरेचसे ब्रिटनमध्ये जन्मलेले. ब्रिटनमध्ये जन्मलेल्यालाही बाहेर काढता यावं म्हणून संप चालू असतानाच संसदेने इमिग्रेशनच्या कायद्यात दुरुस्ती केली होती, तीसुद्धा तासाभराच्या आत, सगळ्या वाचनांसह. म्हणजे त्या उन्हाळ्यात हीननसारखा आयरिश ड्रायव्हरदेखील, एखाद्या व्यासपीठावर चुकीच्या दिवशी उभा असता, तर कागदोपत्री हद्दपार करता येण्याजोगा ठरला होता. सात वर्षांनी तो ज्या सभागृहात ते कागद वाचत होता, ते त्याच देशाचं सभागृह होतं. ते भाषण त्याने युनियनच्या पद्धतीने केलं. विशेषणं वापरण्यापेक्षा कागद समोर ठेवला. चौकशी समितीसमोर आम्हीही असंच करतो. आरोप ओरडून सांगायचा नाही, लॉगबुकची नोंद वाचायची.

त्याचा त्याला राजकीय फायदा झाला का? झाला. मीगन अडचणीत येणं हे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना हवंच होतं, आणि सप्टेंबरच्या निवडणुकीनंतर हीनन कामगारमंत्री झाला. पण फायदा झाला म्हणून कागद खोटे होत नाहीत. विनिपेगच्या संपाबद्दल आज जे लिहिलं जातं, त्यात ही तार येतेच.

प्रश्नकर्त्याने हीनन आयर्लंडमधून गेलेला, म्हणजे इमिग्रंट, असा उल्लेख केला आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो, कारण इथे फसगत होते. सगळे इमिग्रंट एका दर्जाचे नव्हते. आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंडमधून आलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन होता. त्याला मत देता येई, निवडणूक लढवता येई. त्याच लाईनवर रूळ उचलणाऱ्या, गिट्टी भरणाऱ्या युक्रेनियन गँगमनचं तसं नव्हतं. शत्रूदेशांत जन्मलेल्या आणि १९०२ नंतर नागरिक झालेल्या अनेकांचा मताधिकार १९१७ मध्ये युद्धाच्या नावाखाली काढून घेतला गेला. ब्रिटिश कोलंबियातले पंजाबी तर कागदावर ब्रिटिश प्रजाजनच, तरी १९०७ मध्ये त्यांचं मत गेलं आणि १९४७ पर्यंत परत मिळालं नाही. हीननची वाट त्याच्या कष्टाने उघडली हे खरं, पण दाराला कुलूप नव्हतं हेही तितकंच खरं. ड्रायव्हरची जागा आणि गँगमनची जागा यांत जे अंतर होतं, ते पुष्कळदा जन्मगावाचं होतं.

आता पेन्शन. हीननचं नाव कॅनडात मुख्यतः याच्याशी जोडलं जातं.

रेल्वे पेन्शनचा इतिहास तिकडच्या रनिंगवाल्यांना कडू आठवणींनी माहीत होता. कंपन्या स्वतःहून पेन्शन देत, पण ती कंपनीची मर्जी. १९१० मध्ये ग्रँड ट्रंक रेल्वेवर गार्ड आणि ट्रेनमन संपावर गेले. तडजोड घडवून आणणारा तरुण कामगारमंत्री होता मॅकेन्झी किंगच. संप मिटला, पण कंपनीने संपकऱ्यांचे पेन्शनचे हक्क काढून घेतले, आणि ते परत मिळवायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. वीस-पंचवीस वर्षांची नोकरी एका पंधरवड्यात पुसली गेली. पेन्शन हा लगाम होऊ शकतो, हे तेव्हा सगळ्या लाईनला कळलं. आपल्याकडे "ब्रेक इन सर्व्हिस" म्हणजे संपामुळे आधीची नोकरी तुटली असं धरणं, हे शब्द ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. १९७४ चा रेल्वे संप पाहिलेल्या माझ्या उस्तादांना म्हातारपणीसुद्धा हे तीन शब्द उच्चारवत नसत.

कायद्याने मिळणाऱ्या पेन्शनची किल्ली कंपनीकडे नसते, आणि हीच त्यातली खरी गोष्ट. १९२६ च्या जानेवारीत जे. एस. वुड्सवर्थ आणि ए. ए. हीप्स या विनिपेगच्या दोन कामगार खासदारांनी किंग यांना विचारलं: बेकारांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी काय करणार? किंग यांच्याकडे बहुमत नव्हतं, त्यांना एकेक मत मोलाचं. पेन्शनचं विधेयक आलं, खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, ते फेटाळलं. मग सरकार गेलं, निवडणूक झाली, किंग परतले. कामगारमंत्री म्हणून हीननने विधेयक पुन्हा मांडलं. या वेळी सिनेट अडवू शकली नाही आणि ३१ मार्च १९२७ ला कायदा झाला. श्रेय एकट्या हीननला देऊ नये. दार वुड्सवर्थ आणि हीप्स यांनी ठोठावलं, आणि गंमत नव्हे पण न्याय असा की हीप्स हे १९१९ मध्ये पकडलेल्यांपैकीच एक. हीननने गाडी वेळेत नेऊन पोचवली.

काय मिळालं ते नीट बघ. वय ७०. महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर. देशात २० वर्षं आणि प्रांतात ५ वर्षं राहिलेला ब्रिटिश प्रजाजन हवा. स्वतःचं उत्पन्न आणि पेन्शन मिळून वर्षाला ३६५ डॉलरच्या वर जाता कामा नये, म्हणजे दिवसाला एक डॉलर. घरात कोण कमावतं, किती जमीन आहे, सगळं विचारणार. मूलनिवासी, ज्यांना त्या कायद्यात "इंडियन" म्हटलं होतं, ते वगळलेले. केनोराभोवती सरोवराच्या काठाकाठाने राहणारे अनिशिनाबे लोक हीननच्याच मतदारसंघातले. त्यांच्या म्हाताऱ्यांना या कायद्याने एक पैही दिली नाही. खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा प्रांताचा, त्यामुळे प्रांत सामील होईपर्यंत कुणालाच काही नाही. ब्रिटिश कोलंबिया पहिल्याच वर्षी आला. ऑन्टारिओ १९२९ मध्ये. क्वीबेक १९३६ मध्ये. तोवर क्वीबेकच्या म्हाताऱ्याने काय करायचं?

तरीही माझ्या हिशेबात हा कायदा फार मोठा आहे. यात पूर्वी कुठल्या संपात होतास, असा प्रश्न नव्हता. सत्तर वर्षांच्या माणसाची शेवटच्या साहेबाने दिलेली शिफारस कुणी मागत नव्हतं. संघाच्या विमा निधीवर आपल्या लोकांच्या विधवा सांभाळणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. १९३० मध्ये त्याच्याच खात्याने केंद्राच्या कंत्राटांवरच्या कामगारांना रास्त मजुरी आणि आठ तासांचा दिवस देणारा कायदाही आणला. त्यावर कुणी फार लिहीत नाही. आठ तास हा ड्रायव्हरचा जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडे १९७३ मध्ये दहा तासांच्या ड्यूटीसाठी रनिंग स्टाफला संप करावा लागला, तेव्हा हातात काय पडलं आणि ते अमलात यायला किती काळ गेला, हे जुन्या माणसांना विचार.

१९३० मध्ये किंग यांचा पक्ष हरला, हीनन स्वतः जिंकला. १९३४ मध्ये ऑन्टारिओत मिच हेपबर्न या शेतकरी पुढाऱ्याने लिबरलांना सत्ता मिळवून दिली आणि हीनन जमीन व वन खात्याचा मंत्री म्हणून प्रांतात परतला. उत्तर ऑन्टारिओत या खात्याचा मंत्री म्हणजे जवळजवळ सगळं काही. जंगल सरकारचं, कागदाच्या गिरण्या जंगलावर, गावं गिरण्यांवर. मंदीमुळे गिरण्या बंद पडलेल्या. हीननने कंपन्यांना तोडीचे करार दिले, गिरण्या उभ्या राहाव्यात म्हणून. त्यातला एक, निपिगॉनजवळ रेड रॉकला सुरू झालेला लेक सल्फाइट या कंपनीचा कारखाना, १९३८ मध्ये अर्धवट बांधलेला असतानाच बुडाला. पुढे युद्धात त्या जागेवर कैद्यांची छावणी झाली. विरोधकांनी टीका केली की मंत्र्याच्या सहीने एवढी मोठी जंगलं दिली जाऊ नयेत. ती टीका मला योग्य वाटते. करार करण्याचा हात चांगला असणं आणि समोरचा माणूस पैसे आणील की नाही हे ओळखणं, ही दोन वेगळी कसबं आहेत. युनियनच्या टेबलावर समोरची कंपनी तरी खरी असते.

रस्ता मात्र त्याने करून दाखवला. केनोराहून दक्षिणेला फोर्ट फ्रान्सिसला जायला थेट मोटररस्ता नव्हता. सरोवरातून बोटीने जा, नाही तर रेल्वेने मोठा वळसा घाला. ग्रॅनाइटचे खडक फोडत, तळ्यांच्या कडेने वाट काढत तो रस्ता झाला आणि १ जुलै १९३६ ला खुला झाला. त्याला हीनन हायवे म्हणू लागले. वाटेत सू नॅरोजला दोन किनाऱ्यांमधल्या अरुंद पाण्यावर लाकडी पूल बांधला. सुमारे २१० फुटांचा एकच गाळा, मध्ये खांब नाही, ब्रिटिश कोलंबियातल्या डग्लस फर लाकडाचा. एका गाळ्याच्या लाकडी पुलांत तो जगात सर्वांत लांब म्हणून कितीतरी वर्षं सांगितला जाई. जुनं लाकूड निकामी झाल्यावर या शतकात तिथे नवा पूल आला. मला त्याची चित्रं बघताना एक गोष्ट जाणवते. जन्मभर रुळांवर चाललेल्या माणसाच्या नावाने लोक एका डांबरी रस्त्याला ओळखतात. केनोराला आपल्याच प्रांताशी बांधणं ही त्याची १९१९ पासूनची मागणी असावी, असं मी मानतो, कारण त्या गावचा कुणीही निवडून आला असता तरी लोकांनी तेच मागितलं असतं.

आता अवघड भागाकडे येतो. एप्रिल १९३७, ऑशावा. जनरल मोटर्सच्या सुमारे ४,००० कामगारांनी संप केला. त्यांची मागणी होती की मोटार कामगारांच्या नव्या युनियनला, जी फिटर-वेल्डर असा भेद न करता सगळ्यांना एका झेंड्याखाली घेत होती, कंपनीने मान्यता द्यावी. मुख्यमंत्री हेपबर्न यांनी ही परक्या आंदोलकांची घुसखोरी म्हटलं आणि खास पोलीस भरती केले. खरी भीती अशी की हीच लाट उत्तरेकडच्या सोन्याच्या खाणींत जाईल. खाणमालक त्यांचे मित्र होते. मंत्रिमंडळातले डेव्हिड क्रोल आणि आर्थर रोबक यांनी विरोध केला, तेव्हा त्यांचे राजीनामे घेतले गेले. क्रोल म्हणाले की जनरल मोटर्सबरोबर गाडीतून जाण्यापेक्षा कामगारांबरोबर चालत जाणं ही माझी जागा. क्रोल वकील होते. रोबकही वकील. त्या मंत्रिमंडळात इंजिनाच्या फुटप्लेटवरून आलेला माणूस हीनन, आणि तो आपल्या खुर्चीत बसून राहिला.

याचं समर्थन मी करणार नाही. कारण मात्र सांगू शकतो, आणि ते शेडच्या दाराशी जातं. ड्रायव्हरांच्या बंधुसंघात वाढलेल्या माणसाला सगळ्यांची एकच युनियन हा विचार मुळातच परका असतो. त्याची युनियन कसबावर उभी: मी बारा वर्षं कोळसा मारला, मग रेग्युलेटरला, म्हणजे इंजिन चालवायच्या दांड्याला, हात लावला, माझा नंबर आला. कालच लागलेल्या आणि एकाच नटाला दिवसभर पान्हा लावणाऱ्या माणसाने माझ्यासारख्याच हक्काने टेबलाशी बसावं, हे जुन्या कारागिराला पटायला वेळ लागतो. मी हे आमच्याकडे पाहिलं आहे. कंत्राटी सफाई कामगारांनी शाखेचं सभासदत्व मागितलं तेव्हा माझ्या चांगल्या, लढाऊ, तुरुंगात जाऊन आलेल्या ड्रायव्हरांनी हात वर केले नाहीत. मीही त्या बैठकीत मोठ्याने बोललो नव्हतो, आणि ते मला अजून खटकतं. दुसरं कारण साधं: केनोराचा रस्ता, गिरण्या, जंगलाची कंत्राटं हे सगळं खुर्चीत बसून होत होतं. राजीनामा देणाऱ्याच्या गावाला पूल मिळत नाही. हा हिशेब माणूस स्वतःला रोज सांगतो आणि रोज तो खरा वाटतो.

१९४१ मध्ये हीनन प्रांताचा कामगारमंत्री झाला आणि वर्ष संपायच्या आत हेपबर्नची भीती त्याच्याच खात्यात येऊन उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये कर्कलंड लेकच्या सोन्याच्या खाणकामगारांनी युनियनच्या मान्यतेसाठी संप केला. केंद्राने नेमलेल्या समझोता मंडळाने मान्यता द्यावी असं सांगितलं होतं. मालकांनी ऐकलं नाही. प्रांताने पोलीस पाठवले. उत्तरेच्या थंडीत फेब्रुवारीपर्यंत ओढलेला तो संप कामगार हरले. पण त्या हरण्यातून देशभर एक गोष्ट पक्की झाली की मान्यता मालकाच्या मर्जीवर ठेवून चालणार नाही.

१९४३ च्या वसंतात ऑन्टारिओने सामूहिक वाटाघाटींचा कायदा केला. बहुमत असलेल्या युनियनशी मालकाने बोलायलाच हवं, मालकाने पाळलेल्या युनियनला मान्यता नाही, आणि वाद सोडवायला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं कामगार न्यायालय. विनिपेगमध्ये १९१९ मध्ये जे मागितलं होतं आणि ऑशावात ज्यावरून दोन मंत्री गेले, तेच आता कायद्यात लिहिलं गेलं. श्रेय पुन्हा वाटून द्यावं लागेल. बाहेर समाजवादी सीसीएफ पक्षाची लाट होती आणि लिबरलांना मतं जाताना दिसत होती. पुढच्या वर्षी केंद्राचा युद्धकालीन आदेश आला आणि प्रांताचं कामगार न्यायालय गेलं, तत्त्व राहिलं.

आपल्याकडच्या माणसांशी तुलना करायची तर जपून कर. व्ही. व्ही. गिरी १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे कामगारमंत्री झाले ते बंगाल नागपूर रेल्वेच्या युनियनमधून. ते शिकले डब्लिनला, म्हणजे हीननच्या आयर्लंडमध्येच. ज्योती बसू १९४६ मध्ये बंगालच्या विधानसभेत रेल्वे कामगारांच्या मतदारसंघातून गेले. दोघंही बॅरिस्टर. कामगारांसाठी त्यांनी खूप केलं, पण फावडं मारून ते आले नव्हते. बाहेरचा शिकलेला माणूस आणून युनियनचा अध्यक्ष करायचा ही आपली जुनी रीत, आणि ती का पडली याला कारणं आहेत: साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलणारा हवा, आणि ज्याला नोकरीवरून काढता येणार नाही असा हवा. हीननचं वेगळेपण असं की त्याच्या संघाला बॅरिस्टर लागला नाही. पण त्याचे दोष तपासतानाही हे ध्यानात ठेवायचं. बॅरिस्टर क्रोलला सगळे कामगार सारखे दिसू शकले, कारण तो कुठल्याच कसबाचा नव्हता.

४ ऑगस्ट १९४३ ला निवडणूक झाली. सत्ताधारी लिबरल तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले, १५ जागा. कॉन्झर्व्हेटिव्हांना ३८. सीसीएफला ३४, जिला मावळत्या विधानसभेत एकही जागा नव्हती. केनोरातही सीसीएफ आली. हीनन अडुसष्टाव्या वर्षी आपल्याच रेल्वेच्या गावात हरला, आणि हरवलं ते कामगारांच्या नावाने मतं मागणाऱ्या नव्या पक्षाने. चोवीस वर्षांपूर्वी त्याच गावाने त्याला अगदी याच नावावर पहिल्यांदा पाठवलं होतं.